क्लिअर सर

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालावर साबण तसाच होता. "नाना, सर गेले," त्या म्हणाल्या. "चहा पाजायले उठवलं, तर उठलेच नाही..." फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे त्यांच्या स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा आवाज झाला आणि त्या म्हणाल्या, "थांबा, गॅस बंद करते." परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. मला त्यांनी गाडी बघायला सांगितलं, कारण सरांना त्यांच्या गावी, असोद्याला न्यायचं होतं. धुळ्यातल्या पांझरा नदीचा पूल ओलांडून मी देवपुरात पोचलो तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. सर खाटेवर होते. त्यांचं वाकडं झालेलं तोंड आठ महिन्यांनी पहिल्यांदा सरळ दिसत होतं.

दिगंबर बोंडे सरांचं जाणं अचानक नव्हतं. गेल्या गणपतीच्या सुमाराला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि दुसरा कधीही येऊ शकतो असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तरी पारोळा, एरंडोल मागे टाकत शववाहिनीच्या मागे आमची जीप चालली होती तेव्हा मी सारखा मनात म्हणत होतो, अजून एक महिना मिळायला हवा होता... कशासाठी, ते तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. असोद्याला वैशाखाचं ऊन होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चितेला अग्नी दिल्यावर माणसं लिंबाच्या सावलीला बसली आणि श्रद्धांजलीची भाषणं झाली. मलाही उभं केलं. मी मराठीचा मास्तर. तीस वर्षं शाळेतले निरोप समारंभ मीच बोलून पार पाडलेले, त्यामुळे अशा वेळी शब्द आपोआप तोंडात येतात. "सरांची कारकीर्द निष्कलंक होती," मी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. आमच्या शाळेतून आलेले दोन जुने शिक्षक मात्र पायाखालच्या मातीकडे बघत होते. त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं.

त्या भाषणात जे सांगितलं नाही ते इथे लिहितो आहे. पण आधी सर कोण होते ते सांगायला हवं.

देवपुरातल्या आमच्या शाळेत बोंडे सर इंग्रजी शिकवायला आले तेव्हा मला तिथे दोन वर्षं झाली होती. असोद्याच्या शेतकरी घरातला हा उंच, सावळा माणूस, केळीच्या बागेत वाढलेला. घरच्या बोलीत 'मले', 'तुले' म्हणायचा आणि इंग्रजी मात्र असं बोलायचा की पहिल्या दिवशी आमचे हेडमास्तर जागेवरून उठून उभे राहिले. स्टाफरूममध्ये त्यांची माझी टेबलं समोरासमोर होती. भांडण पहिल्याच आठवड्यात सुरू झालं आणि ते एका शब्दावरून होतं. प्रत्येक मुद्दा शिकवून झाला की सर वर्गाला विचारायचे, "क्लिअर?" आणि साठ पोरं एका सुरात ओरडायची, "क्लिअर, सर." भिंतीपलीकडे मी ओव्या शिकवत असायचो. दर पाच मिनिटांनी ती आरोळी. मी एकदा म्हटलं, सर, 'समजलं का' म्हणायला काय हरकत आहे? ते हसून म्हणाले, "नाना, समजलं का विचारलं तर पोरगं घाबरून हो म्हणतं. क्लिअर का विचारलं तर ते आधी आत डोकावून बघतं."

त्या एका शब्दाचा त्यांचा तास मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकला आहे. त्यांनी काचेच्या ग्लासात पांझरेचं गढूळ पाणी आणलं होतं, त्यात तुरटी फिरवली आणि ग्लास टेबलावर ठेवून दिला. मग बोलत राहिले. आकाश क्लिअर असतं म्हणजे ढग नसतात. रस्ता क्लिअर असतो म्हणजे गाड्या नसतात. घसा क्लिअर करतात, परीक्षा क्लिअर करतात. हे सगळं डोळ्यांना दिसणारं, कानांना ऐकू येणारं. पण माणसाचं मन क्लिअर असतं म्हणजे काय नसतं? तोवर ग्लासातला गाळ खाली बसला होता आणि वरचं पाणी दिसायला लागलं होतं. सरांनी नुसता ग्लास उचलून दाखवला. मी स्टाफरूममध्ये त्यांना म्हटलं की आमच्या मराठीत याला एक शब्द पुरत नाही. पाणी नितळ असतं, आकाश निरभ्र, रस्ता मोकळा, बोलणं स्पष्ट आणि मन निर्मळ. ते म्हणाले, "तुमच्या घरात प्रत्येक कपड्याला वेगळी खुंटी आहे. आमच्याकडे एकच, सगळे कपडे तिच्यावर. पण नाना, घाईच्या वेळी आमचाच सदरा आधी सापडतो." पोरांनी त्यांचं नावच क्लिअर सर ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

हिवाळ्यात असोद्याहून भरताची वांगी यायची. सर पोतं स्कूटरला बांधून माझ्या दारात उभे राहायचे, आणि रविवारी त्यांच्या घरी भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आमची दोन्ही कुटुंबं. त्यांची एकुलती मुलगी आता लग्न होऊन सुरतेला असते, माझा मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. सुमनवहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. जेवताना सर आणि मी शब्दांवरून वाद घालायला लागलो की त्या म्हणायच्या, "खा आधी. शब्द काय गार होतात का?" अशी सव्वीस वर्षं गेली.

सर निवृत्त व्हायला दोन वर्षं होती तेव्हाची गोष्ट. दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती, गणिताचा पेपर होता. आमच्या संस्थाचालकांच्या नात्यातली एक मुलगी सरांच्या वर्गात बसली होती. सर पर्यवेक्षक होते आणि मी पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यातून चाललो होतो. आमचाच एक सहकारी, त्याचं नाव इथे लिहीत नाही, मागच्या खिडकीशी उभा होता. त्याने खिशातून झेरॉक्सची घडी काढली, गजांतून हात आत घालून त्या मुलीच्या बाकावर टाकली आणि निघून गेला. माझ्यापासून तो आठ-दहा पावलांवर होता. सरांनी घडी उचलली, उलगडली. सोडवलेली उत्तरं होती. ते दाराकडे वळले, मला पाहिलं, काहीतरी बोलणार होते, आणि तेवढ्यात फाटकातून भरारी पथक आत आलं. पथकाला सर सापडले ते हातात उत्तरांचा कागद घेऊन मुलीच्या बाकाजवळ उभे असलेले.

संस्थेची चौकशी समिती बसली. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला संस्थेच्या कार्यालयातून बोलावणं आलं. माझ्या मुलाची आमच्याच संस्थेत शिक्षक म्हणून नेमणूक व्हायची होती, मुलाखत झाली होती, पत्र निघायचं होतं. मला चहा दिला गेला. "मुलाचं काम होतंय, नाना. उद्या जरा सांभाळून बोला," एवढंच मला सांगितलं. धमकी नव्हती. आवाजात आपुलकी होती. घरी आल्यावर मी बायकोलाही सांगितलं नाही.

समितीपुढे सर शांतपणे बोलले. कागद कुणी टाकला ते त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "मी एकट्याने सांगतोय असं नाही. नाना व्हरांड्यात होते. त्यांनी पाहिलंय." मला आत बोलावलं. समोर तीन माणसं, बाजूच्या खुर्चीत सर. मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं? मी म्हणालो, "व्हरांड्यात गर्दी होती. मला... क्लिअर दिसलं नाही."

आयुष्यभर मी तो शब्द टाळत आलो होतो. त्या दिवशी तोच का तोंडात आला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. 'दिसलं नाही' म्हटलं असतं तर ते सरळ खोटं झालं असतं. माझ्या शब्दात पळायला वाट होती. दिसलं होतं, पण नाही दिसलं. सरांनी माझ्याकडे मान वळवली. रागाने नाही. वर्गात एखाद्या हुशार पोराने साधं उत्तर चुकवलं की ते बघायचे, तसं बघितलं आणि मान परत सरळ केली. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली. दहावीचे वर्ग काढून घेतले, पाचवीचे दिले, परीक्षेच्या कामावरून कायमचं कमी केलं. माझ्या मुलाला पत्र मिळालं. सर पुढची दोन वर्षं पाचवीच्या पोरांना इंग्रजी शिकवत राहिले आणि भिंतीपलीकडून ती आरोळी येत राहिली. माझ्या मुलाच्या लग्नाला ते आले, वहिनींसह पंगतीत बसून जेवले. स्टाफरूममध्ये माझ्या समोरच बसायचे, चहा मागवला तर दोन मागवायचे. पण माझ्याशी बोलताना तो शब्द त्यांनी पुन्हा वापरला नाही. आणि हिवाळ्यात वांगी आली नाहीत. मी वाट पाहिली, माझ्या बायकोनेही एकदा विचारलं की यंदा पीक गेलं का. मी म्हटलं, असेल.

मला सांगता आलं असतं. दोन वर्षं होती, मग निवृत्तीनंतरचं दीड वर्ष होतं. मुलाची नोकरी पक्की झाली की सांगू, असं म्हणत राहिलो. ती पक्की झाली. मग म्हटलं, सरांनीच विषय काढला तर बोलू. त्यांनी काढला नाही.

झटका आला त्या सकाळी ते भाजी आणायला गेले होते. मेथीची जुडी हातातून पडली आणि ते तिच्याकडे बघत उभे राहिले, असं भाजीवालीने सांगितलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. धुळ्यातल्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. तिथे तो शब्द भिंतींनासुद्धा चिकटलेला होता. स्कॅनमध्ये रक्तस्राव क्लिअर दिसतोय. छाती क्लिअर आहे. नळी क्लिअर करा. रोज सकाळी सिस्टर यायच्या आणि विचारायच्या, "पोट क्लिअर झालं का?" सहाव्या दिवशी वहिनी त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांच्या तोंडातून शब्द बाहेर पडला, "क्लिअर." सुरतेची मुलगी आनंदाने रडली. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

आम्हाला वाटलं, एक आला म्हणजे बाकीचे येतील. आले नाहीत. भूक लागली तरी क्लिअर, उकडलं तरी क्लिअर, राग आला की तोच शब्द दात खाऊन, आणि एकदा माझ्यासमोर हुंदके देत, अकरा वेळा तोच. घरी आणल्यावर वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिने आम्हाला समोर बसवून समजावलं. वर्षानुवर्षं रोज वापरलेला शब्द मेंदूत खोल गेलेला असतो, म्हणाली. बाकीचं वाहून गेलं तरी तो राहतो. पण त्यात दरवेळी अर्थ असेलच असं नाही. आणि एक लक्षात ठेवा, त्यांचं फक्त बोलणंच गेलेलं नाही, समजणंही कमी झालंय. लांब वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दोन शब्द बोला, वस्तू दाखवा, हात लावा, थांबा. मग पुढचे दोन.

वहिनी ते शिकल्या. सातवी शिकलेल्या त्या बाईने आठ महिन्यांत एक भाषा तयार केली. वाटी दाखवायच्या, "वरण?" थांबायच्या. चादर दाखवायच्या, "थंडी?" थांबायच्या. सुरतेच्या लेकीचा फोटो त्यांच्या हातात द्यायच्या, मग मोबाइल कानाला लावायच्या, मग म्हणायच्या, "उद्या." सकाळच्या 'क्लिअर'मधून आणि दुपारच्या 'क्लिअर'मधून त्यांना वेगवेगळं ऐकू यायचं. "हा पाठ दुखते तेव्हाचा," त्या म्हणायच्या आणि कूस बदलून द्यायच्या, आणि सर शांत व्हायचे. मी शब्दांचा माणूस. मला तो प्रत्येक वेळी सारखाच ऐकू यायचा.

जुने विद्यार्थी यायचे. साक्रीकडचा एक, आता स्वतःच्या वर्कशॉपचा मालक, खाटेशी उकिडवा बसून म्हणाला, "सर, हाई बठ्ठं तुमनंच शिकाडेल शे." हे सगळं तुम्हीच शिकवलेलं आहे. सरांनी त्याच्याकडे बघून सूर वर नेत विचारलं, "क्लिअर?" तो हात जोडून म्हणाला, "क्लिअर, सर." आणि अंगणात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. माझ्याकडे बघूनही सर ते म्हणायचे. प्रत्येकाला म्हणत तसंच असेल. पण मला ते माझ्या साक्षीबद्दल विचारलेलं वाटायचं. दिसलं होतं की नाही, नाना? क्लिअर? मी आठवडा-आठवडा जायचं टाळलं. मग दिवसातून दोनदा जायला लागलो. पाटीवर खडूने 'मला माफ करा' लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी खडूला बोट लावलं आणि बोट बघत बसले. देवाला मी फारसं काही मागत नाही, पण त्या काळात पांझरेच्या पुलावरून जाता-येता मी मागत होतो की त्यांना चार वाक्यं बोलता येऊ देत. शिव्या दिल्या तरी चालतील.

चैत्रातली एक दुपार. वहिनींना औषधं आणायची होती. मी म्हटलं, "तुम्ही सावकाश जाऊन या, मी बसतो सरांजवळ." खरं म्हणजे औषधं मी आणू शकलो असतो. मला त्या घरात नको होत्या. त्या गेल्यावर मी दार लोटलं, खुर्ची खाटेला चिकटवली, सरांचा डावा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. आदल्या दिवशीचा चहा, मुलाचं पत्र, व्हरांडा, खिडकी, माझा तो शब्द. इतकी वर्षं मनात घोळवल्यामुळे वाक्यं तयारच होती. मी चांगला बोललो, हे सांगताना लाज वाटते, पण मी चांगला बोललो. कुठे अडखळलो नाही. अर्धा तास झाला असेल. मी रडत होतो. सर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग त्यांचा चेहरा थोडा ओढला गेला, हात माझ्या हातात चुळबुळला आणि त्यांनी विचारलं, "क्लिअर?" मी म्हटलं, "क्लिअर, सर." त्यांनी परत विचारलं, जरा मोठ्याने. मीही परत तेच म्हटलं आणि त्यांच्या हातावर कपाळ टेकलं. वहिनी आल्या तशी मी चप्पल घातली आणि निघालो. पूल चालत ओलांडला, वाटेत उभा राहून उसाचा रस प्यालो. कित्येक वर्षांनी अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. सरांनी मला माफ केलं, असं मी धरून चाललो. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले.

दिवसपाणी आटोपून वहिनी असोद्याहून देवपूरला परत आल्या तेव्हा मी भेटायला गेलो. त्यांनी पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाल्या, "तुमचं भाषण ऐकलं नाना. पुतण्याने मोबाइलवर घेतलं होतं. निष्कलंक म्हणालात. बरं वाटलं. कोनी तरी म्हटलं..." त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि माझ्याने राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं. या वेळी वाक्यं जमली नाहीत, मागेपुढे झालं, पण त्यांना सगळं कळलं. त्यांनी माझ्या हातातलं रिकामं फुलपात्र काढून घेतलं.

"त्यायले सांगतलं होतं तुम्ही?"

"हो, वहिनी. तुम्ही औषधं आणायला गेला होता त्या दिवशी."

"कसं सांगतलं?"

मला प्रश्न समजला नाही. मी म्हटलं, सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्या म्हणाल्या, "म्हंजे आता मले सांगतलं तसं? एवढं?" मी मान हलवली. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. "त्यायले समजलं नसंल नाना. 'जेवता का' हे मी तीन तुकड्यांत विचारायची. तुम्ही बघत होते की रोज."

मी म्हटलं, पण त्यांनी मला विचारलं, वहिनी. दोनदा विचारलं, क्लिअर? माझ्या तोंडाकडे बघून.

सांगावं की नाही, असा विचार वहिनींच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग त्यांनी हळूच सांगितलं, "तो लघवीचा होता, नाना. दुपारचा, वर चढवून म्हनायचे तो. मी आली तेव्हा चादर ओली होती... मी तुम्हाले काही बोलली नाही. म्हटलं, नानांना काय माहीत."

मला तेव्हा मरून जावंसं वाटलं, असं लिहिलं तर ते भाषणातलं वाक्य वाटेल. पण दुसरं वाक्य माझ्याकडे नाही. ज्या माणसाला मी समितीपुढे एकटं सोडलं, त्याने अर्ध्या अंगाने पडल्या जागी मला दोनदा हाक मारली, आणि मी त्याच्या हातावर डोकं ठेवून स्वतःसाठी रडत राहिलो. त्या एका 'क्लिअर'वर मी तीन आठवडे सुखाने जेवलो होतो.

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मले काहून नाही सांगतलं? मी बसवलं असतं त्यांच्या डोक्यात. दहा दिवस लागले असते, पंधरा लागले असते, लागू द्या. त्यायले त्या खिडकीशी बसवलं असतं. तुम्हाले बाहेर उभं केलं असतं. गजातून हात घालून कागद टाकून दाखवला असता. मग तुमच्या डोळ्याले हात लावला असता." बोलता बोलता त्या उठल्या आणि खिडकीपर्यंत गेल्या, बाहेरून आत कागद टाकल्यासारखा हात केला, परत आल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटं धरली. "नाना. पाहिलं." त्या थांबल्या. खाटेकडे बघत थांबल्या, तिथे कुणी समजून घेत असल्यासारख्या. "हे त्यायले समजलं असतं," त्या म्हणाल्या. "आठ महिने होते आपल्याजवळ."

मीही आता निवृत्त झालेलो, तरी दुसऱ्याच आठवड्यात शाळेत गेलो. सोबत अर्ज नेला होता, त्यात मी काय पाहिलं ते लिहून सही केली होती, सेवापुस्तकातली ताकीद रद्द करावी अशी विनंती होती. स्टाफरूममध्ये बरेच चेहरे नवे होते. आताच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला बसवलं, अर्ज दोनदा वाचला आणि मनापासून म्हणाल्या, "सर, ते वारले ना? मग आता ही नोंद कुणासाठी बदलायची?" क्लार्कने अर्ज आवक नोंदवहीत चढवला आणि मला पोच दिली. माझा मुलगा त्याच शाळेत वरच्या मजल्यावर शिकवत होता. संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यालाही सांगितलं. तो जेवणाच्या ताटावरून न जेवता उठला. अजून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. हे छापू नका असं त्याने आईकडून सांगून पाठवलं, आणि मी त्याचं म्हणणं समजू शकतो. तरी छापायला देतो आहे. सरांचे विद्यार्थी धुळ्यापासून सुरतेपर्यंत पसरलेले आहेत, त्यांच्यापैकी काहींनी त्या वेळच्या कुजबुजी ऐकल्या असतील. त्यांच्यासाठी साधं सांगतो. कागद सरांनी दिला नव्हता. मी पाहिलं होतं.

पाठवायच्या आधी हे सगळं मी वहिनींना वाचून दाखवलं. चादरीची गोष्ट काढून टाकू का, विचारलं. "राहू द्या," म्हणाल्या, "झालं ते झालं." सरांच्या खोलीतली खाट अजून तिथेच आहे. तिच्या पायथ्याला एक जाड सुती दोर बांधलेला आहे. डाव्या हाताने तो धरून सर उठून बसायचे. हाताच्या घामाने त्याचा मधला भाग काळा पडला आहे. वहिनींचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्या खाटेवर बसून ऐकत होत्या, आणि वाचून झाल्यावर चहा टाकायला उठताना त्यांनी तोच दोर धरला, दोन्ही हातांनी. मी हात पुढे केला होता. त्यांचं लक्ष नव्हतं.